तिरक्या घडीची चिठ्ठी

भोकरदनमध्ये आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे सारी मिळून नऊ घरं. दर गुरुवारी संध्याकाळी आळीपाळीनं एकेकाकडे घरसभा भरते आणि शेवटी चिठ्ठ्या होतात. प्रत्येकानं आपला प्रार्थनेचा विषय कागदावर लिहायचा, नाव घालायचं नाही, घडी करून स्टीलच्या डब्यात टाकायची. मग डबा फिरतो. जिच्यावर हात पडेल त्या चिठ्ठीसाठी आठवडाभर रोज गुडघे टेकायचे. कुणाची आली हे विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही.

ही रीत कुणी घातली कोण जाणे, पण त्यानं माझ्यासारख्याचा विचार केला नव्हता. मी शाळेत मराठी शिकवतो. वह्या तपासून तपासून डोळ्यांना अशी खोड लागलीय की अक्षर कुणाचं हे पहिल्या ओळीतच कळतं.

अंकुशनगरकडून बदली होऊन एक नर्सबाई आमच्या मंडळीत आल्या. नवरा वारलेला, मुलगी जालन्याला वसतिगृहात. मी पन्नाशी ओलांडलेला, बायको-संसार असलेला, वर मंडळीचा पंच. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकर आणि प्याला घेऊन रांगेतून फिरणारा. मला त्या बाई हव्याशा वाटू लागल्या. आडपडदा न ठेवता लिहितो, कारण आडपडदा ठेवण्यातच माझं एक वर्ष गेलं.

त्यांची पहिली चिठ्ठी मला आली ती अगदी योगायोगानं. 'मुलीला तिथं करमत नाही आणि मला इथं,' एवढंच लिहिलेलं. त्या आठवड्यात मी अशी प्रार्थना केली की गुडघे सुजले. मला वाटलं, देवानं आपल्यावर या बाईंचं ओझं टाकलंय. आम्हा विश्वासणाऱ्यांत हा शब्द फार चालतो. कुणाच्या तरी काळजीला ओझं म्हटलं की ती पवित्र होते. मी डोळे मिटून त्यांचं नाव घ्यायचो आणि देवासमोर बसून त्यांनाच बघत राहायचो.

बाई चिठ्ठीची घडी तिरकी घालायच्या, औषधाच्या पुडीसारखी. पुढच्या गुरुवारी माझ्या बोटांनी ती घडी न बघता ओळखली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. शाळेतून येताना ठरवायचो, आज वरचीच उचलायची. डबा समोर आला की हात तळाशी जायचा. मी शुक्रवारचे उपास धरले; भूक मेली, हे मेलं नाही. पाळकसाहेब नजरेच्या पापावर बोलले तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' मी म्हणालो. एवढंच नाही, राजूरजवळच्या एका मेळाव्यात तरुणांना मनाच्या शुद्धतेवर तासभर शिकवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे सांगताना अजून कानशिलं तापतात.

मग एका गुरुवारी बाई आल्या नाहीत. पुढच्याही गुरुवारी नाहीत, आणि त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वेळी मी मुकाट्यानं वरची चिठ्ठी उचलली आणि घरी येऊन उघडली. अक्षर माझ्या बायकोचं होतं. 'माझ्या मालकाचं मन घरात नाही. देवा, त्यांना माघारी आण. मला भांडायचं नाही.'

ती स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी नियम मोडला.

"तुझी चिठ्ठी मला आली."

"आली का," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "वरीस झालं, तेच लिहून राह्यले मी. समद्यांच्या हाती गेली आसंल. तुमच्याच येत नव्हती."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही डब्यात हात घालून हुडकत ऱ्हायचे. मला काय दिसत न्हाई का? मंग काय बोलायचं?" तिनं देठ बाजूला सारले. "मागच्या महिन्यात त्या ताईंना गेली ती. तुमचं हुडकणं त्यांनीबी पाह्यलं आसंल, माझं अक्षर वळखलं आन् फोन केल्ता मला. म्हणल्या, वहिनी, मी आता सभेला येत न्हाई, माझं काही चुकलं आसंल तर माफ करा." तिनं हातातली काडी खाली ठेवली. "त्यांचं काय चुकलं व्हतं?"

वर्षभर आठ घरांनी माझ्यासाठी गुडघे टेकले होते आणि मी त्यांच्यासमोर पंच म्हणून मिरवत होतो. पण त्याहून वाईट गोष्ट दुसरी होती. या गावात त्या बाईंना आपली म्हणावीत अशी माणसं नऊ घरांतच होती. त्यांचा तो एक गुरुवार मी हिरावून घेतला होता.

रविवारी उपासनेआधी पाळकसाहेबांना गाठलं आणि सांगितलं, यापुढे प्याला माझ्या हाती देऊ नका. ते म्हणाले, "बरं, मास्तर." का म्हणून विचारलं नाही. चिठ्ठी त्यांनाही आली असणार.

बाईंनी सभेला परत यावं म्हणून प्रार्थना करून पाहिली. पण 'परत यावं' म्हटलं की माझं मन आधीच इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभं. ही एक प्रार्थना मला स्वच्छ करताच येईना. शेवटी ती सोडून दिली आणि हातात होतं तेवढं केलं. बायकोला म्हणालो, त्यांना कळव, गुरुवारी मी येत नाही, त्यांनी यावं.

तीन गुरुवार घरी वह्या तपासत बसलो. चौथ्या गुरुवारी बायको सभेहून आली, पर्स खुंटीला अडकवली आणि मी न विचारताच म्हणाली, "आल्त्या त्या आज."

"बरं झालं," मी म्हणालो. खरंच बरं वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरलं.

आणि त्याच्याच पाठोपाठ, त्यांनी कोणती साडी नेसली होती हे विचारावंसं वाटलं. प्रश्न ओठांपर्यंत आला. मी वहीत मान घातली. बायको अजून तिथंच उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत.