चाचांचा संथ लॅपटॉप

रफिकचाचांवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, पोळ्याच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, भद्रकालीतल्या त्यांच्या दुकानात. मी तिथेच होते; मोर्चांतून वेळ काढून त्यांच्याकडे काम शिकत होते.

टॅक्सी आणि सिक्युरिटी कंपन्यांनी भंगारात काढलेले वायरलेस सेट चाचा घेत. आतले चॅनेल पुसून हॅम रेडिओचे, म्हणजे परवानाधारक हौशी लोकांनी आपसात बोलायचे, भरत आणि सुरगाण्याच्या ज्या पाड्यांवर मोबाइलला रेंज नाही तिथे देत. तेही परीक्षा देऊन परवाना काढलेल्यांनाच. मी पहिल्यांदा नापास झाले तेव्हा म्हणाले, "मोर्चात ओरडायला परवाना लागत नाही, बेटा. इथे लागतो."

हे सेट नव्या कॉम्प्युटरला जुमानत नाहीत. चॅनेल भरायचं जुनं सॉफ्टवेअर नव्या वेगाने चाललं तर सेट मरतो. म्हणून चाचांचा लॅपटॉप जुनापुराणा. तो सुरू होईस्तोवर चहा संपायचा. मी चिडले की म्हणत, "दोन म्हातारे बोलतायत. तू मधे नको येऊ."

चॅनेल पुसण्याआधी जुन्या मालकाच्या चॅनेलची फाइल त्याच्या नावासकट लॅपटॉपवर जपून ठेवायची, हा त्यांचा नेम. "उद्या कोणी म्हटलं, माझा सेट होता तसा करून दे, तर?" कोणीच कधी आलं नाही.

त्या मंगळवारी कोणाच्या तरी तक्रारीवरून पोलीस ठाण्यातून दोन साहेब आले. त्यांनी त्या फाइली पाहिल्या.

"दुसऱ्यांचे चॅनेल तुमच्याकडे कशाला?"

"पुसायच्या आधी ठेवतो, साहेब."

"म्हणजे चोरून ऐकता."

परवाना भिंतीवर होता, फ्रेममध्ये. चाचांनी बोट दाखवलं. कोणी मान वर केली नाही. मी कायदा सांगायला तोंड उघडलं, तर चाचा म्हणाले, "बेटा, साहेबांना चहा सांगून ये." मी गेले. परत आले तेव्हा लॅपटॉप नव्हता. पावती नाही, गुन्हाही नोंदवलेला नाही.

चाचा पाच महिने ठाण्यात खेटे घालत राहिले. "तपास चालू आहे," एवढंच उत्तर. फेब्रुवारीत ते गेले. मी रडले नाही. लॅपटॉप परत द्या म्हणून पत्रक काढलं, लोकांत वाटलं, घरी येऊन जेवले.

काल पाड्यावरच्या आशा कार्यकर्त्या कमलताई सेट घेऊन माझ्याकडे चाचांच्या दुकानात आल्या. आतली बॅटरी बसून चॅनेल उडाले होते. "पाऊस लागला का रस्ता बंद," त्या म्हणाल्या. "बाई अडली तर मी कोणाला सांगू? फोन तर लागत नाय."

त्या सॉफ्टवेअरची फ्लॉपी माझ्याकडे आहे, सेटला जोडायची केबल आहे, काम चाचांनी शिकवलंय. लॅपटॉप नाही. त्यांचा तो आम्ही मागतच राहू. तुम्ही आज माळ्यावर चढा. मागे ही केबल बसेल असं नऊ पिनांचं सॉकेट असलेला, फ्लॉपी घेणारा जुना, जाडजूड, चालू लॅपटॉप सापडला तर भंगारात देऊ नका. पाऊस लागायच्या आत दुकानात आणून द्या.