गाठीची पहिली श्रेणी

मी बहारीनमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. सित्राला कंपनीची बस चालवणाऱ्या एका चिपळूणकराच्या मुलीच्या मेंदूतली गाठ शस्त्रक्रियेने काढली होती. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीत रक्तवाहिन्यांची इतकी गर्दी दिसली की सहकारी म्हणाला, "चौथी श्रेणी वाटते, सगळ्यात घातक." मला मात्र पेशी गरीब दिसत होत्या, म्हणून मी जनुकीय तपासणी करून घेतली. निघाली पहिली श्रेणी, सगळ्यात सौम्य! मी इतकी खूश झाले की सर्जनबरोबर मुलीच्या वडिलांना स्वतःच सांगायला गेले.

"दादा, गाठ साधी होती आणि पूर्ण निघालीय. आता फक्त अधूनमधून तपासायचं."

ते रडता रडता हसू लागले. मुलीला मराठी कळत होतं, पण तिने इथल्या अरबी मिसळलेल्या इंग्रजीत विचारलं, "सो, ट्यूमर खलास?"

"खलास!" मी म्हणाले.

तिने लगेच झल्लाकच्या समुद्रावर जायचा हट्ट धरला.