करंजाखालचा डबा

ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत माझं सुक्या मासळीचं आणि मसाल्याचं दुकान आहे. एका रविवारी दुपारी दुकानाशेजारच्या लोखंडी रेलिंगखाली एक बाई हात घालून काहीतरी चाचपडत होत्या. वय माझ्याएवढं, साडी नीटनेटकी, चष्म्याला दोरी. चोर वाटत नव्हत्या, पण बाजारात माणूस दिसतो तसा नसतो, हे मी फार लवकर शिकलेय. मी आतूनच आवाज दिला.

"काय हरवलं का?"

"हरवलं नाही हो. एक छोटासा डबा शोधतेय."

"माझ्या रेलिंगला तुमचा डबा कशाला?"

"माझा नाही. कोणीतरी ठेवलाय. मी शोधणार, आतल्या कागदावर सही करणार आणि होता तिथे परत ठेवणार."

"कोणीतरी म्हणजे कोण? त्याने मला विचारलं का?"

बाईंनी रेलिंगखालून हात काढला. मग खरं ते बोलल्या. "विचारायला हवं होतं. नियम तसाच आहे."

जवळून बघितल्यावर ओळख पटली. त्या शाळेत शिकवायच्या, वर्तकनगरच्या एका कॉलनीत राहायच्या. मी डोक्यावर पाटी घेऊन मजले चढायचे तेव्हा त्यांच्याकडे मसाला द्यायचे. मासळी त्यांच्या घरात चालायची नाही, पण मसाला दरवर्षी घ्यायच्या आणि एक पैसाही कमी करायला सांगायच्या नाहीत. असं गिऱ्हाईक मला आवडत नाही. भाव केला नाही की माल आवडला की नाही तेच कळत नाही.

त्यांनी खेळ समजावून सांगितला. जिओकॅशिंग. कोणीतरी डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश फोनवर टाकतो, आणि अनोळखी माणसं येऊन तो शोधतात. मी म्हटलं, डबा राहू दे माझ्या रेलिंगला, पण बदल्यात मला हा खेळ शिकवायचा. त्या लगेच हो म्हणाल्या. पुन्हा घासाघीस नाही.

नवीन माणूस जे विचारतो ते सगळं मी विचारलं. फरक एवढाच की मी भांडून विचारलं.

"आतली वस्तू आवडली तर घेऊ का?"

"घ्या. पण तेवढ्याच मोलाची किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवा."

"जास्त कशाला? आणि मोल कोण ठरवणार?"

"तुम्हीच."

"समोर माणूसच नाही, तर भाव कोणाशी करायचा?"

"स्वतःशी करा," बाई म्हणाल्या. "तिथे तुम्हाला फसवता येणार नाही."

मला राग आला.

पहिला डबा मी एकटीने शोधला तो तलावाच्या कट्ट्याखाली. पेन न्यायला विसरले. फोटो काढला, घरी येऊन फोनवर सापडला म्हणून लिहिलं. डबा ठेवणाऱ्याचा निरोप आला की कागदावर सही दिसत नाही, त्यामुळे नोंद काढून टाकली आहे. मी बाईंना फोन करून तावातावाने बोलले. मी काय खोटं बोलते? माझा सगळा धंदा तोंडी चालतो, शब्दावर गोणी उतरते! बाई शांतपणे म्हणाल्या, "रिक्षा करा, पेन घ्या, पुन्हा जा." गेले. सही केली. बरोबर पेन्सिलही घेतलेली, कारण पावसाळ्यात शाई पसरते हे तोवर मला कोणीतरी सांगितलेलं.

सापडला नाही तर तसं लिहायचं, हेही मला खटकायचं. आपण हरलो ते जगाला कशाला सांगायचं? पण तेही करायला लागले. लोक बघत असतील तर डबा उघडायचा नाही, चपलेचा पट्टा लावायला वाकल्यासारखं करायचं, हे मात्र मला शिकवावं लागलं नाही.

वर्षभराने वाटलं, आपला स्वतःचा डबा हवा. आणि जागेचा विचार करायची गरजच पडली नाही.

माझं माहेर कल्याणजवळ, मोहनेच्या बाजूला. आमची भातशेती रस्त्याला लागून होती आणि बांधावर करंजाचं झाड. जवळच्या कारखान्याची पाळी सुटायची तेव्हा मी त्या झाडाखाली काकड्या आणि वालाच्या शेंगा घेऊन बसायचे. परकर-पोलक्याचं वय. कामगार थकलेले असायचे, घाईत असायचे, आणि थकलेला माणूस भाव करत नाही, पण त्याला मोठ्या आवाजातली पोर आवडत नाही. आवाज कुठे चढवायचा आणि कुठे उतरवायचा, ते मी तिथे शिकले. पुढे जे काही उभं केलं, त्याची सुरुवात त्या सावलीत आहे.

ती जमीन आता माझ्या थोरल्या भावाची, दादूसची आहे. वडील गेल्यावर दादूस मला कचेरीत घेऊन गेला आणि हक्कसोडपत्रावर सही करायला सांगितली. "सही कर बाय, तुझं माहेर काय कुठं पलतंय?" आमच्यात सगळ्याच बहिणी करायच्या. मीही केली. साडी मिळाली, जेवण झालं, मी ठाण्याला परत आले. आयुष्यात तेवढा एकच व्यवहार मी भाव न करता केला. पुढे तिकडे जमिनींना काय भाव आले ते सगळ्यांना माहीत आहे. मी भावाला कधी बोलले नाही. मनात मात्र रोज बोलत होते.

गौरीच्या जेवणाला माहेरी गेले तेव्हा डबा पिशवीतच होता. जेवून सगळे आडवे झाले, मी बांधावर गेले आणि करंजाच्या मुळाशी, दोन दगडांच्या आड, डबा ठेवून वर पालापाचोळा टाकला. दुकानातला जाड झाकणाचा डबा, पाण्याचा थेंब आत जाणार नाही असा. आत वही, पेन्सिल, चार बांगड्या, एक कीचेन. झाकणावर कागद चिकटवून त्यावर अक्षांश-रेखांश आणि "हा डबा हलवू नये" असं लिहिलं.

डबा यादीत यायच्या आधी एक स्वयंसेवक तपासतो. त्याच्या फॉर्ममध्ये प्रश्न होता: जागेच्या मालकाची परवानगी आहे का? मी लिहिलं, "जागा आमचीच आहे." त्याने ते मानलं.

तीन आठवड्यांत सहाजण येऊन गेले. कोणी कल्याणचं, कोणी डोंबिवलीचं, एक तर पार पनवेलहून. सगळ्यांनी लिहिलेलं, डबा छान, सावली छान. मी दुकानात बसून ते पुन्हा पुन्हा वाचायचे.

मग दादूसचा फोन आला. "बाय, तू हिकडं मोजणी केलीस का?"

"कसली मोजणी?"

"ये तू. लगेच ये."

गेले. ओटीवर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर माझा डबा. भाऊ एका बाजूला, वहिनी दुसऱ्या बाजूला, मध्ये कोणी हात लावायला तयार नाही. भावाच्या कुत्र्याने तो उकरून काढलेला. डब्यात वासाचं काही ठेवू नये, हा नियम मला पाठ होता. पण त्या डब्यात आधी चार वर्षं सुकट होती. मी सोडा लावून, लिंबू लावून धुतलेला, दोन दिवस उन्हात ठेवलेला. माझ्या नाकापुरता वास गेला. कुत्र्याच्या नाकापुरता नाही.

"आमी पैल्यांदा म्हटलं कोणी बिल्डरचा माणूस," दादूस म्हणाला. "हे आकडे बघ. मोजणीवाले असेच आकडे टाकतात. आत वही. वहीत सहा सह्या, तारखा. मग वास घेतला, तर तुझं दुकान."

"अरे, खेळ आहे तो."

"साठीच्या बाईचा खेळ? ही सहा माणसं कोण? साक्षीदार हायत?"

मला हसू आलं. तेच चुकलं. मी हसल्यावर तो चिडला.

"हसू नको. वकील म्हणाला, असंच करतात. आधी खूण पुरायची, मग माणसं येतात-जातात दाखवायचं, मग म्हणायचं, वहिवाट आमची हाय."

"तू वकिलाकडे गेलास? डबा घेऊन?"

"फोटो दाखवला."

वहिनी मध्येच म्हणाली, "मी बोलले यांना, ताईच्या मनात तसं काय नसेल." म्हणजे घरात हे बोलणं आठवडाभर चाललेलं. माझ्या मनात काय असेल यावर.

मी फोन काढला, खेळ दाखवला, नकाशा दाखवला, पनवेलच्या माणसाने सावलीबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. दादूस ऐकत होता, पण बघत होता तो वहीकडे. सही म्हणजे काय होऊ शकतं, ते त्याला चांगलं माहीत होतं. त्यानेच एकदा करवून घेतलेली.

शेवटी मी आवाज उतरवला. "हे बघ दादूस. मला जमीन नको. मला फक्त डबा ठेवायचाय. तू एवढंच बोल की ठेव. मी ते तिकडे कळवीन, विषय संपला."

"ठेव की. मी कुठं नाय म्हणतंय?" मला बरं वाटायच्या आत तो पुढे बोलला. "पण एक कागद करू. तुझा काय हक्क नाय, असं लिहून दे."

"ते तर दिलंय मी. कधीच दिलंय."

"ते जमिनीचं. हे डब्याचं."

मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. इतकी वर्षं मनात बोललेलं त्या ओटीवर मोठ्याने बोलले. शेजारची बायामाणसं दारात आली. दादूस एकदाच म्हणाला, "तुला यायचं तर ये, जेव, रहा. तुला कोण अडवतंय? डबा कशाला पायजे?" आणि मी म्हटलं, "जेवायला पाहुणी येते. डबा घरचा माणूस ठेवतो." डबा पिशवीत घातला आणि निघाले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की चहासुद्धा घेतलेला नाही.

त्याच आठवड्यात भावाने रस्त्याच्या बाजूने सिमेंटचे खांब रोवून तारेचं कुंपण घातलं. इतकी वर्षं उघडा असलेला बांध माझ्या डब्यामुळे बंद झाला. डबा शोधायला गेलेल्या एकाने नोंद टाकली की कुंपण आहे, कुत्रं आहे आणि आतला माणूस ओरडला. लगेच स्वयंसेवकाचा निरोप आला. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, पण भाषा फार गोड.

"ताई, सध्या जागेचे मालक कोण आहेत?"

मी लिहिलं, माझ्या वडिलांची जमीन आहे, मी तिथे जन्मले.

"हो ताई. पण सध्या?"

मी लिहिलं, कुटुंबाची आहे.

"कुटुंबातल्या कोणाच्या नावावर आहे?"

भाजीवाल्याशी, बोटवाल्याशी, दुकानाच्या मालकाशी, सगळ्यांशी मी भाव केलाय. कुठेतरी समोरचा हलतोच. हा माणूस हलत नव्हता आणि उद्धटही होत नव्हता. उद्धट झाला असता तर मी जिंकले असते. शेवटी मी भावाचं नाव लिहिलं.

"धन्यवाद. त्यांनी हो म्हटलं आहे का?"

तीनदा उत्तर लिहिलं. हो म्हटलंय, पण अट घातलीय. हो म्हटलंय, पण तसं नाही. मग सगळं पुसून लिहिलं, "नाही."

नोंद बंद झाली. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे हो." मी त्यांच्याशी दोन आठवडे बोलले नाही.

नंतर मी काय केलं ते सांगते, कारण लोक त्याला माझा हट्ट म्हणतात. कुंपणासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एका माणसाची चहाची टपरी आहे. त्याचं माझं काही नातं नाही. मी त्याला म्हटलं, तुझ्या बाकड्याखाली एक छोटा डबा ठेवायचाय, लोक येतील, शोधतील, चहा पितील. तो म्हणाला, "ठेवा की मावशी, त्यात काय?" एवढंच. कागद नाही, वकील नाही. नवा कोरा डबा आणला, मसाल्याचा वासही न लागलेला. फॉर्ममध्ये टपरीवाल्याचं नाव आणि त्याने काय म्हटलं ते लिहिलं. एका दिवसात मंजूर झाला.

पहिला शोधणारा डोंबिवलीचा कोणी नवखा होता. त्याने लिहिलं की डबा लगेच सापडला, सही केली, चहा चांगला होता. खाली प्रश्न विचारला: "पण हा डबा इथेच का ठेवला? या जागेत पाहण्यासारखं काही दिसलं नाही."

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. त्याला बोंबील तोलून दिले, मग चष्मा लावून उत्तर लिहिलं. "टपरीकडे पाठ करून उभं राहिल्यास समोर कुंपणाच्या आत करंजाचं झाड दिसतं. झाड रस्त्यावरूनच पाहावं. आत जाऊ नये, मालकाला आवडत नाही."