आत्याच्या डोक्यावर डिझेल

माझ्या पारूआत्याच्या डोक्यावर डिझेलचा कॅन ठेवून मी जुईनगर ते वाशी असा ट्रक चालवला आहे. माझं लायसन्स अजूनही माझ्याच खिशात आहे, हा धक्का मला पचलेला नाही.

ट्रक बाबांचा. सारसोळ्याच्या जेट्टीवरून मासळी उचलायची आणि बाजारात टाकायची, एवढंच काम तो माझ्या लग्नाच्या आधीपासून करतोय. (बायकोच्या मते आम्हा दोघांत तब्येत त्याची बरी आहे.) जुन्या धाटणीची गाडी, इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हरच्या शेजारी. हिवाळ्यात शेक मिळतो, उन्हाळ्यात वाफ मिळते. मी वाशीत एका ऑफिसात कारकून आहे, पण मोबाईलवर दुरुस्तीचे व्हिडिओ बघून बघून मला वाटायला लागलं होतं की मी उगाचच फायली सांभाळतोय.

सुरुवात झाली डिझेलच्या फिल्टरमध्ये थेंबभर पाणी सापडलं तिथून. पाणी हा डिझेलचा शत्रू, हे मी व्हिडिओत तीनतीनदा ऐकलं होतं. शिवाय आमच्याकडे खाडीची दमट हवा! मग मी घरचा उपाय केला. आमच्याकडे सुकट डब्यात भरली की झाकणाखाली जाड प्लास्टिक घालतात आणि वरून सायकलच्या ट्यूबचं कडं चढवतात. मुंगी शिरत नाही, दमट हवा शिरत नाही, वर्षभर सुकट कुरकुरीत. मी डिझेलच्या टाकीचं झाकण अगदी तसंच बांधून टाकलं. बाबांनी ते वाकून पाहिलं आणि माझी पाठ थोपटली. बाबा पाठ सहसा थोपटत नाहीत, त्यामुळे तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे.

त्याच आठवड्यात ट्रक आजारी पडला.

सकाळी झकास सुरू व्हायचा. थोडं अंतर गेलं की सिग्नलला उभा राहिला रे राहिला, स्लोला, म्हणजे उभ्याउभ्या इंजिन नुसतं चालू असताना, थरथरायला लागायचा. मध्येच रेस चढायची, मध्येच उतरायची, आणि घुर्र करून बंद. तासभर तसाच सोडला की पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात सुरू! पंपावर कडं सोडून डिझेल भरलं आणि पुन्हा बांधलं की मात्र पुढे बराच वेळ खूश असायचा. यावरून मी निष्कर्ष काढला की गाडीला ताजं डिझेल आवडतं. (हे मी ऑफिसात चार लोकांना समजावूनही सांगितलं होतं. ते चौघं अजून मला भेटतात.)

पावणे गावातल्या गॅरेजवाल्याने फिल्टर बदलला, पंपाचे वायसर बदलले, पाइप बदलले. "गाडी कुठूनतरी हवा घेते," तो म्हणाला. बाबाही म्हणाले, हवा घेते. आत्याने ट्रककडे एकदा नुसतं पाहिलं आणि तीही म्हणाली, "हवा घेते ती." मग मी स्वतः पाना घेऊन स्लोचा स्क्रू पिळला. गाडी बंद पडायची थांबली नाहीच, पण उभ्याउभ्या इतकी गुरगुरायला लागली की समोरच्या सोसायटीच्या खिडक्या वाजल्या आणि सेक्रेटरी बनियनवर खाली आले. स्क्रू परत होता तिथे आला.

अशात आत्याला ती ऑर्डर मिळाली. पारूआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, उभा जन्म डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकलेली. वाशीच्या एका केटररने हळदीच्या जेवणाची सगळी मासळी तिच्याकडून मागवली. दुपारच्या आत माल पोचला तर यापुढचीही सगळी कामं तिलाच, असं त्याने कबूल केलं होतं.

"दिन्या," आत्या मला म्हणाली, "आज टायमावर पोचलो तर पाटी खाली ठेवीन. नाय पोचलो तर मरंपर्यंत डोक्यावर हायच."

पापलेट, सुरमई, कोळंबी बर्फात घालून आम्ही निघालो. मी स्टेअरिंगवर, मध्ये आत्या, खिडकीशी बाबा. जुईनगरच्या सिग्नलला ट्रक थरथरला आणि गप्प झाला.

मी चावी फिरवली. काही नाही. मागून बर्फाचं पाणी रस्त्यावर टपटपायला लागलं. आत्या मान वळवून ते टपटपणं मोजायला लागली.

"होडीत बघ," बाबा म्हणाले, "टाकी वरती असते. डिझेल आपोआप खाली येतं. कॅन हाय ना मागं? लाव डायरेक्ट."

केबिनमध्ये सीटमागे जादा डिझेलचा एक कॅन होता. मी टाकीकडून येणारा पाइप पंपावरून काढला, तिथे कॅनची नळी जोडली, हवा काढली आणि चावी मारली. ट्रक पहिल्या झटक्यात सुरू! मी इतका हबकलो की क्षणभर माझ्या हुशारीचा मलाच संशय आला.

प्रश्न एकच उरला, कॅन ठेवायचा कुठे?

"उंच पायजे," बाबा ठाम होते. छताच्या हुकाला बांधला, तो पहिल्या स्पीडब्रेकरला हुकासकट खाली आला. बाबांनी खांद्यावर घेतला, तर त्यांचा खांदा धरलेला. शेवटी आत्याने दोघांकडे अशी नजर टाकली की जणू आम्ही कॅनपेक्षा जड आहोत. पिशवीतून पाटीखालची कापडाची चुंबळ काढली, डोक्यावर बसवली.

"आन इकडं."

आणि कॅन तिच्या डोक्यावर गेला. वर केबिनचं छत, खाली आत्या, मध्ये डिझेल. नळी तिच्या कानावरून इंजिनात.

"सांडेल हां आत्या."

"वेसाव्याच्या जत्रेत दोन पाट्या घेऊन गेलते मी, एक मासा पडला नाय. तू रस्त्याकडं बघ."

गाडी सुरेख चालली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. केटरर होता. आत्याने फोन कानाला लावला आणि म्हणाली, "हो शेट." ट्रक घुर्र झाला. "हो, येतोय." घुर्र. "हो हो हो." ट्रकने तीन गचके दिले आणि मागच्या बसवाल्याने माझ्या आईचा उल्लेख केला.

"आत्या, मान हलवू नको, नळी दबते!"

"मंग हो कशी बोलू?"

"तोंडाने बोल."

"तोंडानंच बोलते रं. मान आपसूक हलते."

"मंग नाय बोल," बाबांनी तोडगा काढला. नाही म्हणताना मान आडवी हलली आणि नळी पंपावरून सुटता सुटता राहिली. सानपाड्यापर्यंत आत्या फोनवर फक्त "बरं" म्हणत होती, समोर बघून, एखाद्या मंत्र्यासारखी.

वाशीच्या सिग्नलला लाल दिवा लागला. ट्रक उभा राहिला आणि स्लोला अगदी संथ, एकसारखा चालत राहिला. मी आनंदाने डावीकडे पाहिलं, तर बाबांच्या खिडकीत ट्रॅफिक हवालदाराचं तोंड. ते तोंड उघडं होतं.

"मावशींच्या डोक्यावर काय आहे?"

"डिझेल," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आत्या तशीच होती.

"चालू गाडीत?"

"बंद केली तर परत चालू व्हायची नाय, साहेब," आत्या समोर बघतच म्हणाली. "बर्फ वितळतोय. मान हलवत नाय, राग मानू नका."

"गाडी बाजूला घ्या. हे डिझेल टाकीत ओता. आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर."

संपलं सगळं, मला वाटलं. आत्याने कॅन उतरवला आणि चुंबळ पिशवीत घातली. ते मला बघवलं नाही. मी टाकीपाशी गेलो, कडं सोडून झाकण काढलं आणि चक्रावलोच. झाकणाखालचं प्लास्टिक वाटीसारखं आत ओढलं गेलं होतं, ताठ. मी पान्याचं टोक त्यात घुसवलं.

सूंऽऽऽऽ!

हवालदार टुणकन फुटपाथवर गेले. टाकी हवा ओढत होती. ओढतच होती. किती दिवसांची घुसमट होती कोण जाणे. आवाज थांबल्यावर हवालदार हळूच फुटपाथवरून उतरले. मी कॅन ओतला, जुना पाइप जोडला, हवा काढली आणि चावी मारली. ट्रक स्लोला असा चालायला लागला की बाबांनी डोळे मिटून ऐकला.

"तुम्ही काय केलं साहेब?" बाबांनी हवालदारांना हात जोडले. त्यांनी काय केलं हे त्यांनाही कळलं नव्हतं, पण त्यांनी मान डोलावली आणि आम्हाला दम देऊन सोडलं.

माल दुपारच्या आत पोचला. केटररने सुरमईचा कल्ला उचलून पाहिला आणि पुढच्या हळदीची ऑर्डर तिथेच दिली. आत्याने हो म्हणताना मान मनसोक्त हलवली.

संध्याकाळी मी गॅरेजवाल्याला फोन करून सगळी हकीकत सांगितली. बाबांनी तो स्पीकरवर टाकला.

"अहो, झाकणाला बारीक भोक असतं," तो ओरडला. "डिझेल जातं तेवढी हवा आत नको यायला? तुम्ही ते बांधून ठेवलं आणि मला बोललापण नाही? आणि कॅन डोक्यावर कशाला? पंप ओढतो की! पायाशी ठेवला असता तरी चाललं असतं."

आत्या मानेला बाम चोळत होती. तिने आधी बाबांकडे पाहिलं, मग बामची डबी माझ्या हातात दिली आणि मान पुढे केली.

आता ट्रक धडधाकट आहे, आत्याचा धंदा जोरात आहे आणि पाटी माळ्यावर गेली आहे. मला मात्र घरातलं कुठलंही झाकण लावायला बंदी आहे. परवा मी नुसता सुकटीच्या डब्याजवळ उभा राहिलो, तर आत्या आतून म्हणाली, "दिन्या, लांब हो. ती सुकट आधीच मेलेली हाय."