प्लगची वायर

भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत मी तिथं बोट चालवत होतो, असं सांगितलं की लोक हसतात. लोखंडाच्या गावात बोट कुठली? पण भट्ट्या पेटायच्या आधीच पाण्याची सोय करावी लागते. कारखान्यासाठी पाणी साठवायचं एक मोठं तळं होतं आणि त्याची खोली ठिकठिकाणी मोजून नकाशावर मांडायची होती. हे काम ज्या ठेकेदाराकडं होतं त्याच्याकडं मी मजूर म्हणून लागलो होतो. आमचं गाव भंडाऱ्याकडचं, वैनगंगेच्या काठचं. ओव्हरसीअरनं एक दिवस सगळ्यांना उभं करून विचारलं, पोहता कोणाला येतं आणि इंजिन कोणाला कळतं. मी दोन्ही वेळा हात वर केला. पोहणं नदीतलं, आणि इंजिन तुमसरच्या एका धानगिरणीत दोन वर्षं सांभाळलेलं. तेवढ्यावर मला मोटारीवर घेतलं.

मोटार म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळून बसवायची छोटी मशीन. वर इंजिन, खाली पाण्यात दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. तिला गिअर नव्हता. वरच्या चाकावर दोरी गुंडाळून झटक्यानं ओढायची. इंजिन पेटलं की पंखा लगेच फिरू लागायचा. मधे थांबा नाही.

ती चालवायला शिकवलं एका निवृत्त हवालदारानं. साताऱ्याकडचा माणूस, फौजेत नद्यांवर पूल टाकण्याच्या पलटणीत होता. त्यानं मला तीन दिवस बोट किनाऱ्यावरून हलवू दिली नाही. स्क्रू रोज सकाळी आवळायचे. मोटार निसटली तर बुडू नये म्हणून साखळी बोटीला अडकवायची. दोरी बसून ओढायची, उभ्यानं नाही. गरम इंजिनावर पेट्रोल ओतायचं नाही. वळताना वेग कमी करायचा. प्रत्येक गोष्ट तो माझ्याकडून दहा-दहा वेळा करून घ्यायचा.

"आणि पंख्याजवळ हात न्यायच्या आधी प्लगची वायर काढायची," तो म्हणाला. "तुझा हात असो की दुसऱ्याचा. वायर नसली की ठिणगी पडत नाही. इंजिन बंद आहे म्हणजे मेलेलं आहे असं समजू नको. गरम असलं तर नुसतं चाक हललं तरी पेटतं."

मी हो म्हणालो. पहिले दोन महिने वायर काढलीही. पण तिची टोपी घट्ट बसायची, इंजिन तापलेलं असायचं, बोटं भाजायची. दिवसातून चार वेळा पंख्यात वेली अडकायच्या. हळूहळू मी वायर काढायचं सोडून दिलं. काही झालं नाही. मग ती गोष्ट मनातूनच गेली.

बोटीवर माझ्या जोडीला एक केवट होता, पन्नाशीचा. तळ्याच्या काठाला त्याची वस्ती होती. मासे धरणं आणि पाण्यात शिंगाडे लावणं हा घरचा धंदा. आता बरंच पाणी कारखान्याच्या कामाचं झालं होतं, म्हणून तो आमच्याकडं मजुरीला लागला होता. मी त्याला कका म्हणायचो, तिकडं काकाला तसं म्हणतात. तो मला बाबू म्हणायचा. तो छत्तीसगढी बोलायचा, मी आमची नागपुरी मराठी, आणि दोघांना सगळं कळायचं. खोली मोजायची शिशाचं वजन बांधलेली दोरी तोच सोडायचा. दोरी खाली टेकायच्या आधी तो आकडा सांगायचा आणि बहुधा तो बरोबर निघायचा. तळ त्याच्या पायाखालचा होता. लहानपणापासून त्यात बुड्या मारलेल्या.

मोटारीचा त्याला राग होता. आवाजानं मासे पळतात म्हणायचा. पण पंखा अडकला की बांबूनं बोट उथळात नेऊन पाण्यात उतरायचा तोच. मी वर बसून राहायचो.

ते थंडीचे दिवस होते, सकाळचे दहा वाजले असतील. काठाजवळच्या शिंगाड्याच्या पट्ट्यातून जाताना पंखा अडकला, इंजिन घरघरून बंद पडलं. ककानं बोट उथळात घेतली आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरला. मी मोटार मागून उचलून तिरपी केली, पंखा पाण्याच्या वर आला. वेली इतक्या आवळून बसल्या होत्या की पंखा दिसत नव्हता. त्यानं विळ्यानं वरच्या कापल्या, विळा बोटीत ठेवला आणि उरलेल्या वेली हातानं ओढू लागला. डावा हात बोटीच्या कडेला, उजवा पंख्यात.

"थोरकिन घुमा दे, बाबू," तो म्हणाला. दुसऱ्या बाजूची वेल त्याला दिसत नव्हती, पंखा थोडासा फिरवून हवा होता.

वरचं चाक हातानं फिरवता आलं असतं. ते गरम होतं. मी दोरी दोन वेढे गुंडाळली आणि हळूच ओढली. मला वाटलं, एवढ्यानं काय पेटतंय.

ते पेटलं. एकच क्षण. वेलींमुळं पुन्हा अडकून बंदही पडलं. कका ओरडला नाही. त्यानं हात छातीशी धरला आणि माझ्याकडं पाहिलं, जणू मी काहीतरी बोललो होतो आणि त्याला ते ऐकू आलं नव्हतं. मग पाणी लाल होताना मला दिसलं.

मी त्याला कसं वर घेतलं आठवत नाही. माझा गमछा काढून मनगटाच्या वर आवळला, हे आठवतं. आमचा तंबूंचा तळ पलीकडच्या काठावर होता आणि बांबूनं जायला अर्धा तास लागला असता. म्हणजे त्याच मशीननं जायचं. मी आता वायर काढली, उरलेल्या वेली कापल्या, वायर पुन्हा बसवली. कका बोटीच्या तळाशी पडून माझ्या हातांकडं पाहत होता. मोटार पहिल्याच ओढीला सुरू झाली.

वाटेत तो एकदाच बोलला. "बोटं आहेत का?"

"आहेत," मी म्हणालो. दोन होती.

ठेकेदाराच्या जीपनं त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात वाचवला, पण अंगठा, शेजारची दोन बोटं आणि तळव्याचा काही भाग गेला. राहिलेली दोन बोटं वळत नव्हती. जाळं फेकायला अंगठा लागतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी ओव्हरसीअरनं तंबूत चौकशी केली. टेबलाच्या एका बाजूला तो आणि लिहिणारा कारकून, दुसऱ्या बाजूला मी आणि कका. ककाचा हात पांढऱ्या पट्टीत. हवालदार दाराशी उभा होता. आधी ककाला विचारलं.

"मोरे गलती हे, साहेब," कका म्हणाला. चूक माझीच. मशीन चालू होती, बाबू नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही, हात घातला.

मी त्याच्याकडं पाहिलं. तो माझ्याकडं पाहत नव्हता.

"असंच झालं का?" ओव्हरसीअरनं मला विचारलं.

तेव्हा माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. बायको गावी होती आणि राहायला खोली मिळाली की तिला आणणार होतो. हे सगळं त्या क्षणी मनात आलं असं म्हणणं खोटं होईल. मनात काहीच आलं नाही. मी "हो" म्हणालो. कारकुनानं लिहून घेतलं, मी सही केली, ककानं डाव्या हाताचा अंगठा उठवला.

बाहेर आल्यावर हवालदारानं मला बोटीपाशी नेलं. "वायर काढली होतीस?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग आत का नाही बोललास?"

त्यानं वाकून मोटारीचे स्क्रू आवळून पाहिले. "तुला शिकवलं होतं म्हणून मी सुटलो," तो म्हणाला, "हे मला बरं वाटायला पाहिजे. वाटत नाही." त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि उन्हाळ्याआधी दुसऱ्या कामावर निघून गेला.

मी ककाला त्याच्या घरी जाऊन विचारलं. तो अंगणात उन्हाला बसला होता. काकी, म्हणजे त्याची बायको, पाण्याला गेली होती.

"कका, तू खोटं कावून सांगितलं? दोरी मी ओढली."

तो म्हणाला, "मी तुझं नाव घेतलं असतं तर तुला काढलं असतं. मग सगळे साहेब म्हणाले असते, हे काठावरचे लोक भांडण लावतात, यांना घेऊ नका. पाणी तुमचं झालं. काम तुमच्याकडं आहे. तुमच्याशी वैर घेऊन आम्ही कुठं जायचं?" मग आवाज खाली करून म्हणाला, "घरी पण हेच सांगितलंय. तैं कुछु झन बोल." तू काही बोलू नकोस.

त्यानं मला माफ केलं असावं, अशी माझी समजूत होती. तो फक्त घाबरला होता.

मी दर रविवारी जाऊ लागलो. फाटलेली जाळी पडून होती. एका हातानं जाळं विणता येत नाही. कका सांगायचा आणि मी गाठी मारायचो. सुई कुठून घालायची, दोरा किती ओढायचा, भोक किती मोठं सोडायचं. माझ्या गाठी सैल पडायच्या, तो उकलायला लावायचा. असा जवळपास एक पावसाळा गेला. विणलेली जाळी घेऊन काकी काठावर जायची. जाळं फेकणं तिचं काम नव्हतं, पण ती शिकली, आणि वस्तीतल्या बाया तिच्याकडं पाहत राहायच्या. तोवर खोली मोजायचं काम संपलं होतं. ककाला कमी केलं आणि मला पंपहाऊसवर घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी काकीनं मला बासी वाढली. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर कांदा. मी जेवत असताना ती म्हणाली, सख्खे नातेवाईक येत नाहीत आणि तू येतोस. मग ककाकडं हात करून म्हणाली, "जन्म पाण्यात गेला या माणसाचा, आणि चालत्या मशीनमध्ये पोरासारखा हात घातला. कोणी नको म्हणत असताना. मी रोज म्हणते, तुझ्या अडाणीपणानं आम्हाला इथं आणलं."

रोज म्हणते. कका खाली पाहून पायाच्या बोटानं माती उकरत होता. तोंडाशी नेलेला घास मी खाली ठेवला.

"काकी, मशीन बंद होती," मी म्हणालो. "तो मलेच म्हणाला जरा फिरव म्हणून. मी दोरी ओढली. मले माहीत होतं ओढायची नाही."

तिनं ककाकडं पाहिलं. तो मान वर करीना. तिला तेवढं पुरलं असावं. ती उठली, माझ्या बाजूला पडलेलं अर्धं विणलेलं जाळं उचललं आणि आत घेऊन गेली. दारातून म्हणाली, "तू जा आता."

मला वाटलं होतं की ती चिडेल, रडेल आणि मग ककाला निदान रोजचं ऐकावं लागणार नाही. घरी येताना मला हलकं वाटत होतं, हे मी लपवत नाही.

पुढच्या रविवारी कका मला वस्तीच्या बाहेरच भेटला. वाट पाहत उभा होता.

"कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. "ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणते, परक्या बाबूसाठी घरच्या बाईशी वर्षभर खोटं बोललास, माझ्या शिव्या खात बसलास. वस्तीत सगळ्यांना कळलं. लोक म्हणतात यानं साहेब लोकांसाठी हात दिला आणि काम पण गेलं. आधी मी बेसावध होतो. आता मी मूर्ख आहे."

"कका, मले वाटलं तुयावरचा बोल जाईल."

"तुला बरं वाटलं ना?"

मी सोबत आणलेली जाळ्याच्या दोऱ्याची गुंडी त्याच्यापुढं धरली.

"येत जाऊ नको, बाबू," तो म्हणाला. रागावून नाही. उन्हात फार वेळ उभा राहिलेला माणूस बोलतो तसं. मग परत फिरला. मी तिथंच थांबलो, तो झोपड्यांच्या मागं दिसेनासा होईपर्यंत.

मी गेलो नाही. जायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता येत नाही.

तीन-चार वर्षांनी आठवडी बाजारात ते दोघं दिसले. तोवर बायको भिलाईला आली होती, दोन मुलं झाली होती. काकी मासळी विकत बसली होती. कका मागं बसून डाव्या हातानं फडक्यानं माशा हाकत होता. उजवा हात धोतराच्या घडीत होता. खूप वाळला होता. मी समोर उभा राहिलो. काकीनं मला ओळखलं, पण कोणत्याही गिऱ्हाईकाला विचारावं तसं विचारलं, कोणती देऊ. मी बोट दाखवलं. तिनं तोलून पानात बांधून दिली. ककानं तेवढा वेळ दुसरीकडं पाहिलं आणि मी निघाल्यावर पुन्हा माशा हाकू लागला.

मासळी घरी नेली. बायकोनं कालवण केलं, आणि कुठून आणली, ताजी आहे म्हणाली. मी म्हणालो, बाजारातून. मुलं जेवली.