ठेवणीतलं पाणी

चिमूटकाकांनी आयुष्यात कुठलीही वस्तू सहजासहजी संपू दिली नाही. टूथपेस्टची नळी ते आधी पिळत, मग टेबलावर ठेवून वरून बाटली फिरवत आणि शेवटी कात्रीने उभी कापून आतून पुसून घेत. घरातले सगळे तोवर नव्या नळीने दात घासून कामाला लागलेले असत. काका मात्र जुनीशी झुंजत बसत आणि दोन दिवस जास्त निघाले की स्वतःवरच खूश होत.

हे नाव त्यांना इस्पितळात पडलं. एका मोठ्या इस्पितळाच्या भांडारात त्यांनी सगळी नोकरी काढली. चादरी, साबण, बल्ब, फिनेल, कापूस, रबरी हातमोजे, सगळं त्यांच्या कुलपात. एखाद्या वॉर्डाची सिस्टर खोकंभर कापूस मागायला आली की काका चष्म्यावरून तिच्याकडे बघत आणि विचारत, "एवढा कशाला लागतो?" सही असल्याशिवाय तर ते स्वतःच्या सख्ख्या भावालाही खिळा देत नसत. तोंडावर कुणी चिमूट म्हणत नसे, पण काकांना ते माहीत होतं आणि मनातून ते नाव आवडतही होतं. महिनाअखेर फळीवर माल उरलेला दिसला की त्यांना पोट भरल्यासारखं वाटे.

निवृत्तीच्या दिवशी भांडार नव्या माणसाच्या ताब्यात देताना आतलं लोखंडी कपाट उघडलं. त्यात काकांचा ठेवणीतला माल होता, अडीअडचणीला म्हणून बाजूला काढलेला. शेकायच्या रबरी पिशव्या एकमेकींना चिकटून त्यांची वीट झाली होती. हातमोजे बोट घालताच फाटत होते. साबणाला भेगा पडल्या होत्या. नवा माणूस सभ्य होता, हसला नाही. त्याने फक्त एक मोठं पिंप मागवलं आणि सगळं त्यात टाकलं. काकांच्या जिवाला ते लागलं. पण त्यातून काही शिकावं, असं त्यांना वाटलं नाही. माल खराब निघाला, कंपनी वाईट होती, एवढंच ते घरी येऊन म्हणाले.

घरी हे ऐकायला बाई होत्या. बाई म्हणजे काकांची बायको. त्या सार्वजनिक तलावावर मुलांना पोहायला शिकवत, म्हणून सगळं गाव त्यांना बाई म्हणे आणि हळूहळू काकाही म्हणायला लागले. गळ्यात शिट्टी, अंगाला क्लोरीनचा वास आणि हात सढळ. स्वतःचा डबा उघडला की अर्धा दुसऱ्याच्या पोटात. या दोघांचं जमलं कसं, याचं नातेवाइकांना शेवटपर्यंत कोडं होतं. बाई म्हणायच्या, "मी उधळते आणि हे गोळा करत मागून येतात. घर तेवढ्यावर चाललंय."

तलावावरच्या बाईंच्या खोलीत, ओल्या टॉवेलांच्या खुंट्यांच्या वर, एक चित्र चिकटवलेलं होतं. लालसर उघडी जमीन, काटेरी झुडपं आणि मधून दिसेनाशी होईपर्यंत गेलेली पायवाट. झाड नाही, माणूस नाही. पाठीवर बिऱ्हाड घेऊन आठवडेच्या आठवडे चालायची ती वाट होती. जन्मभर पाण्यात उभ्या राहिलेल्या बाईला या कोरड्या मुलखाचं वेड कशाला लागावं? काकांनी एकदा विचारलंही होतं. "तिथे मला कुणासाठी शिट्टी वाजवायला लागणार नाही," बाई म्हणाल्या होत्या.

काकांनी कधी नाही म्हटलं नाही. ते दर वर्षी "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणत. आणि ते खोटं नसे. नवीन कपबश्या, चांगल्या चादरी, बाईंना भेट मिळालेलं अत्तर, सगळं घरात पुढच्यासाठीच ठेवलेलं होतं. ती वाटही काकांनी त्याच कपाटात ठेवली होती.

मग बाईंचा गुडघा कुरकुरायला लागला. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "चालायचं असेल तर या वर्षी चालून घ्या. पुढच्या वर्षी ऑपरेशनला या. त्यानंतर बागेत फिरा, जिना चढा, पण पाठीवर ओझं घेऊन डोंगर विसरा." दोघं घरी परतले. दाराचं कुलूप काढता काढता काका म्हणाले, "बॅगा कुठल्या घ्यायच्या?"

वाटेवर काका रमतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण ते रमले. जे काही आहे ते सगळं आपल्या पाठीवर, आणि त्यातली सुई कुठल्या कप्प्यात आहे हेही पाठ. पट्टे लावलेलं भांडारच ते. पहाटे गार असताना चालायचं, ऊन चढलं की कपडा ताणून त्याच्या सावलीत पडायचं, उन्हं कलली की पुन्हा निघायचं. बाई पुढे, काका मागे. टाचांना चिकटपट्ट्या, ओठांना भेगा, कानात धूळ. बाई चालता चालता गुणगुणत. काकांना त्या फक्त पाठमोऱ्या दिसत, आणि एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की इतका वेळ आपण आपल्या बायकोकडे कधी पाहिलंच नव्हतं.

पाण्याचा कारभार अर्थातच त्यांच्याकडे होता. वाट सुरू होते तिथे एक पाटी होती. तहान लागेल तेव्हा प्या, पाणी बाटलीत नव्हे, पोटात सांभाळा, असं तीवर ठळक लिहिलं होतं. काकांनी ती नीट वाचली. ही उधळ्या लोकांसाठी असणार, असं ठरवून ते पुढे गेले. त्यांची पद्धत वेगळी होती. ठरलेल्या वेळी थांबायचं, बाटलीच्या झाकणाने पाणी मोजायचं. बाईंना भरून झाकणं, वर मागितलं तर तेही. स्वतःला मात्र ते अर्धं झाकण घेत, जीभ ओली करत आणि तोंड पुसून मोकळे होत. बाईंचं लक्ष नसे. पाण्याच्या पुढच्या टाकीशी पोचलं तरी बाटलीत पाणी खळखळतंय, हे ऐकलं की काकांना महिनाअखेरीचं ते जुनं सुख वाटे. डोकं दुखायचं, पण ते वयाने दुखत असेल.

असं करत निम्मी वाट सरली. मग आला सगळ्यात कोरडा टप्पा. मध्ये गुरांसाठी बांधलेली एक टाकी होती, तिच्यावर सगळ्यांची भिस्त. बाईंनी आत डोकावून पाहिलं. तळाला तडा गेला होता आणि त्यात एक सरडा आरामात बसला होता. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. काकांचा चेहरा मात्र उजळला.

"म्हणून मी म्हणत होतो," ते म्हणाले. "आहे माझ्याकडे. भरपूर आहे."

"तुम्ही पिताय ना पण?"

"पितो की."

आणि त्या दिवशी त्यांनी आपलं अर्धं झाकणही सोडलं. अडीअडचण, जिच्यासाठी ते आयुष्यभर साठवत आले होते, ती आज खरोखर आली होती. अशा वेळी हात आखडता घ्यायचा नाही तर कधी?

दुपारच्या सावलीपर्यंत ते पोचलेच नाहीत. बाईंना मागून पावलांचा आवाज येईना म्हणून त्या वळल्या. काका वाटेच्या मधोमध उभे होते. चेहरा लाल, कातडी कोरडी ठणठणीत, घामाचा टिपूस नाही. बाई धावत आल्या आणि त्यांच्या बॅगेच्या बाजूची बाटली काढायला हात घातला. काकांनी त्यांचं मनगट धरलं.

"सही कुठाय?" ते म्हणाले.

"अहो, मी आहे."

"कोणीही असा. हेड सिस्टरच्या सहीशिवाय मिळणार नाही."

एरवी बाई यावर लोटपोट हसल्या असत्या. आयुष्यभर बुडत्या मुलांना पाण्याबाहेर काढलं होतं, इथे नवरा पाण्यावाचून बुडत होता. त्यांनी काकांचा हात झटकला, त्यांना एका कपारीच्या सावलीत ओढत नेलं आणि बॅग उलटी केली. एक भरलेली बाटली पडली. मग दुसरी. मग कपड्यात गुंडाळलेली, झाकणाला चिकटपट्टी लावलेली तिसरी. ठेवणीतली.

बाईंनी ती चिकटपट्टी दातांनी फाडली. मानेवर, काखेत पाणी ओतलं, पंचा भिजवून डोक्यावर टाकला आणि घोट घोट पाजत राहिल्या. काका पाणी जमिनीवर सांडताना बघत होते आणि थांबवायला धडपडत होते, पण हात उचलला जात नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांची नजर ठिकाणावर आली.

"कोणासाठी ठेवलं होतंत हो?" बाईंनी विचारलं.

"पुढे लागलं तर."

"पुढे कोण जाणार होतं?"



उन्हं उतरल्यावर बाईंनी आपली बॅग तिथेच सोडली आणि त्यांना खांद्याचा आधार देत कच्च्या रस्त्यापर्यंत आणलं. गुरांचा चारा नेणाऱ्या एका ट्रकवाल्याने दोघांना उचललं आणि जवळच्या आरोग्य केंद्रात पोचवलं. बाईंची बॅग त्यानेच दुसऱ्या दिवशी आणून दिली. तिथल्या सिस्टरने सलाईन लावलं. तिला हा प्रकार नवा नव्हता. "काका, तुमच्यासारखे येतात अधूनमधून," ती म्हणाली. "बॅगेत पाणी आणि माणूस कोरडा. मूत्रपिंडांना मार बसलाय. आता महिनाभर तरी उन्हात चालायचं नाही."

महिन्याभराने त्या मुलखात पाखरूही उडत नसे, इतकं ऊन व्हायचं. म्हणजे वाट संपली. हे तिघांनाही कळत होतं.

सिस्टर गेल्यावर बाई खाटेच्या कडेला बसल्या. गुडघा चोळत होत्या. काकांच्या मनात आलं, आता ही चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. बाई खिडकीतून बाहेर बघत, अगदी समजुतीने म्हणाल्या, "जाऊ दे. पुढच्या वर्षी येऊ."

काकांनी हे वाक्य आयुष्यात शेकडो वेळा उच्चारलं होतं, पण ऐकलं पहिल्यांदाच. बोलताना ते किती मऊ लागायचं. ऐकताना त्यात काहीच नव्हतं. त्यांना ते लोखंडी कपाट आठवलं, एकमेकींना चिकटलेल्या त्या पिशव्या आठवल्या. कंपनी वाईट नव्हती. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी आवरलं नाही.

"पुढच्या वर्षी नाही," ते म्हणाले. "तू जा. उद्या जा."

"तुम्हाला इथे टाकून?"

"मला सिस्टर आहे, पंखा आहे. तुझा गुडघा काय माझ्यासाठी थांबणार आहे? वाट जिथे जिथे रस्त्याला लागते तिथे मी बसने येतो. पाणी घेऊन."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. जायचं त्यांच्या मनात किती होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं आणि काकांना स्वतःची लाज वाटली. एवढं मनात असलेलं माणूस इतकी वर्षं मुकाट्याने थांबलं होतं.

"झाकणाने मोजून द्याल," बाई शेवटी म्हणाल्या.

"नाही देणार."

"बघू," असं म्हणून बाई उठल्या. दोनतीन दिवस त्या काकांचं नीट चाललंय ना हे बघत तिथेच राहिल्या, आणि मग एका पहाटे निघून गेल्या. त्या मार्गावर चालणारी, वाटेत ओळख झालेली एक जोडी त्यांच्यासोबत होती, म्हणून काकांचा जीव थोडा तरी थाऱ्यावर होता.

पहिल्या ठिकाणी काका वेळेच्या कितीतरी आधी पोचले. बसवाल्याने कॅन उतरवून द्यायला मदत केली आणि विचारलं, "पाण्याचा धंदा करता का?" काका पुलाखालच्या सावलीत बसून राहिले. कधी उठून वाटेकडे बघत, कधी सिस्टरच्या हुकुमाप्रमाणे पाणी पीत. बाई आलीच नाही तर काय, हा विचार मनात आला की पुन्हा उठत. आजवर आपण पुढच्या वर्षी म्हणायचो तेव्हा ती अशीच वाट बघत बसत असेल का, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं.

उन्हं चढायच्या सुमारास, सोबतच्या जोडीच्या बराच पुढे, टेकडीवरून एक ठिपका खाली येताना दिसला. थोडा लंगडत होता. काकांनी ती चाल मागून इतकी पाहिली होती की समोरूनही ओळखली. बाई आल्या. धुळीने केस पांढरे झाले होते, ओठ सुकले होते, आणि डोळे असे काही चमकत होते की काकांना तलावावरची तरुण बाई आठवली. बॅग टाकून त्यांनी नेहमीच्या सवयीने हात पुढे केला, झाकणासाठी.

काकांनी कॅन दोन्ही हातांनी उचलला आणि बाईंच्या डोक्यावर ओतला. एकदम नाही, सावकाश. पाणी केसांतून, मानेवरून, शर्टातून वाहत खाली आलं आणि जमिनीने ते क्षणात पिऊन टाकलं. बाई आधी दचकल्या, मग डोळे मिटून उभ्या राहिल्या, तलावात उतरण्याआधी शॉवरखाली राहत तशा.

"अहो, प्यायला राहू द्या थोडं," डोळे न उघडता त्या म्हणाल्या.

"आहे."

"किती आहे?"

"मोजलं नाही," काका म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या कॅनचं झाकण उघडलं.