तिसऱ्या हाकेला ओ देणाऱ्या बाई

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई पहिल्या हाकेला कधीच ओ देत नसत. दुसऱ्या हाकेलाही नाही. मी दारातून "बाई" म्हणून हाक मारायचो आणि त्या चार हातांवर बसून खुशाल तांदूळ निवडत राहायच्या. तिसऱ्यांदा हाक मारली की लगेच मान वर. "बोला गुरुजी." मी नोकरीला नवा होतो. वाटलं, बाईंना कमी ऐकू येतं.

ऐकू सगळं येत होतं. ब्रह्मपुरीच्या बाजूचं ते गाव. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. बाईंचा नवरा तळ्यावर मासे धरायचा. एका धुक्याच्या सकाळी तळ्याकडून कुणीतरी त्याला एकच हाक मारली. तो "आलो" म्हणून गेला. जाळं काठावर सापडलं, तो सापडला नाही. हे सांगताना बाईंचा आवाज हलत नसे. "एका हाकेनं मानूस बोलावत नाई गुरुजी, दुसरंच कोनी बोलावते. ज्याले खरंच काम हाय, तो तीनदा बोलावते."

मी वर्गात अंधश्रद्धेवर बोलायचो. पोरं माना डोलवायची. हजेरीच्या वेळी पहिल्याच हाकेला "हजर सर" म्हणायची, आणि फाटकाबाहेर पडली की बाईंचं ऐकायची.

बाई वाढताना ताट धरलेल्या हाताकडे बघत, तोंडाकडे नाही. कुणाच्या बोटाला नखुरडं झालंय, कुणाच्या हाताला ताप आहे, त्यांना न विचारता कळायचं. आज किती पोरं जेवली, असं मुख्याध्यापकांनी विचारलं की म्हणत, "आकडा तुमी मांडा. मी हात वळखते."

बारा वर्षांपूर्वी आम्ही पोरांना शहरातलं विमानांचं आणि अवकाशाचं संग्रहालय दाखवायला नेलं. शाळेत शिक्षिका नव्हती, म्हणून मुलींसाठी बाईंना सोबत घेतलं. काचेमागे अंतराळवीराचा पांढरा पोशाख उभा होता. बाईंनी काचेला नाक लावून शिरस्त्राणात डोकावून पाहिलं. "याच्या आत त कोनीच नाई. मंग हा उभा कसा हाय?" पोरं हसली, पण त्या पोशाखाकडे पाठ करून उभं राहायला कुणी तयार होईना. माहिती सांगणारा तरुण म्हणाला, अवकाशात हवा नाही, म्हणून तिथे आवाज पोचत नाही. कितीही ओरडा, कुणाला ऐकू जाणार नाही. बाई म्हणाल्या, "म्हंजे तिथी हाक मारून कोनी फसवू शकत नाई. बरं हाय."

आवारात एक जुनं मालवाहू विमान ठेवलं होतं. शिडीनं चढायचं आणि पोटातून चालत वैमानिकाच्या खुर्चीपर्यंत जायचं. पोरं तिथून हलेनात. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा बाहेर आलेली पोरं मी बाईंसोबत बसकडे पाठवली. मागे विमान रिकामं झालं का, ते बघायचं काम माझं होतं. पाय दुखत होते. मी शिडी चढलो नाही. खालूनच विचारलं, "आहे का रे कोणी आत?" उत्तर आलं नाही. मी रखवालदाराला हातानं खूण केली. त्यानं दार ओढून कुलूप लावलं. ड्रायव्हरला मीच सांगितलं, सगळे आले, चला.

तासाभरानं बस चहासाठी थांबली. बाई पोरांच्या ओंजळीत चिवडा घालत होत्या. शेवटच्या सीटपर्यंत जाऊन त्या परत माझ्याकडे आल्या. "गुरुजी, वेणूचा हात नाई आला."

आम्ही परत पोचलो तेव्हा संग्रहालय बंद झालं होतं. रखवालदार किल्ली शोधत होता. मी विमानाच्या पत्र्यावर हात आपटून ओरडणार, तोच बाईंनी माझा दंड धरला आणि स्वतः हाक मारली. "वेणू." काही नाही. थांबून पुन्हा, "वेणू." काही नाही. तिसऱ्या हाकेनंतर त्या पत्र्याच्या पोटातून बारीक आवाज आला, "ओ मावशी."

नऊ वर्षांची पोर वैमानिकाच्या खुर्चीखाली अंग चोरून बसली होती. बाईंच्या पदराला धरून म्हणाली, "एकच हाक आली मावशी. म्हून मी बोलली नाई." बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. बस सुटल्यावर त्यांनी तिला मांडीवर घेतलं. त्या दोघी शेवटच्या सीटवर, मी ड्रायव्हरच्या शेजारी.

वेणू तापानं फणफणली. महिनाभर शाळेत आली नाही. शाळेच्या समितीची सभा भरली. तिच्या बापानं विचारलं, "पोरायले कोन पाहून राह्यलं होतं?"

मी म्हणालो, "पोरांना बसमध्ये बसवायचं काम बाईंकडे होतं."

वाक्य खोटं नव्हतं. मी ते मनात घासूनपुसून आणलं होतं. बाई दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "हो, माह्याकडंच होतं." मागून कुणीतरी टोमणा मारला, "स्वतः त ओ देत नाई, पोरायलेबी तेच शिकवलं." सभा हसली. मीही मान डोलवली. बाईंचं काम गेलं. दुसऱ्या दिवसापासून चुलीपाशी दुसरी बाई आली.

आमच्या बाई आता डोक्यावर मासळीची टोपली घेऊन शाळेवरून जायच्या. एकदा धीर करून मी फाटकातून हाक मारली, "बाई." त्या चालत राहिल्या. मला कारण माहीत होतं. तरी मी दुसरी हाक मारली नाही.

पुढे माझी बदली कोरपन्याला झाली. तिथे वर्ग रिकामा झाल्यावर दार लावताना मी आजही प्रत्येक बाकाखाली वाकून बघतो. कधीकधी वाटतं, आत कुणीतरी श्वास रोखून बसलंय.

मागच्या वर्षी बाई गेल्याचं कळलं. तेरवीला गेलो. वाढायला वेणू होती. आता ती ब्रह्मपुरीला नर्सिंग शिकते. पंगत उठून गेली, मी एकटाच उरलो, तेव्हा म्हणालो, "वेणू, त्या दिवशी विमान बघायचं काम माझं होतं. बाईंचं नव्हतं."

"माहीत हाय सर. तुमचाच आवाज होता. मी मावशीले बसमधीच सांगतलं होतं."

"मग सभेत त्या..."

"त्याच म्हणाल्या, तू बोलू नोको. गुरुजी वाईट नाई, भेले हायेत. येतीन आपल्या पायानं सांगाले." तिनं माझ्या पत्रावळीवर भात वाढला. "लय वर्सं म्हणत होत्या सर, येतीन म्हून. मंग म्हणनं सोडलं."

मी भातात आळं केलं.

"वरण वाढू काय?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.